मेंढा थरथरेना

आमच्या डोंगरावरच्या शिलाण गावात प्रेम गुपचूप करता येत नाही. बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही, चार हात लांब उभं राहायचं, हा देवाचा नियम. आणि खाली नदीचा एवढा आवाज असताना चार हात लांबून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे माझी खिमी आणि जनावरांचा कंपाउंडर हेतराम यांचं जे काही जमलं, ते आख्ख्या गावाच्या साक्षीनं जमलं. 'तू मला आवडतेस' हे त्यानं देवळाखालच्या उतारावरून सांगितलं, तेव्हा ती वर छपरावर राजमा वाळत घालत होती. तिला नीट ऐकू गेलं नाही. मग मधल्या घरातल्या म्हातारीनं ते वर पोचवलं, आणि खिमीचं उत्तर खाली पोचवताना त्यात पदरचं थोडं घातलं.

हेतराम खाली बिलासपूरकडचा. सरकारनं त्याला आमच्या गुरांसाठी पाठवलेला. त्यानं आमच्या भिंतीला हात लावायचा नाही, पाणवठ्यावर जायचं नाही, माणसाला तर शिवायचंच नाही; पण गुराला शिवलेलं चालतं, कारण गुरांना देवानं काही नियम लावलेले नाहीत. गाय आजारी पडली की मी तिचं दावं खुंटीला बांधून मागे सरायचं, मग त्यानं पुढे यायचं. सुई टोचून तो मागे सरला की पुन्हा मी पुढे. बायका तर आपली दुखणीसुद्धा त्याला गाईच्या नावावर सांगायच्या. "डॉक्टर, आमच्या गाईचे गुडघे फार धरलेत हो. जिना चढवत नाही. आणि सुनेचं तोंड दिसलं की छातीत धडधडतं." हेतराम अगदी गंभीरपणे विचारायचा, "गाय तिखट फार खाते का?" असा जावई कुठल्या सासूला नको असेल?

पण शिलाणची मुलगी बाहेर दिली की ती बाहेरची होते. मग जन्मदात्या आईनंही तिला शिवायचं नाही. मला एवढी एकच पोर. तिचा बाप गेल्यापासून घरात आम्ही दोघी आणि एक गाय. तिला खाली पाठवून जन्मभर चार हातांवरून बघत बसायला माझं मन तयार होईना.

दुसरा रस्ता होता, पण अवघड. देवानं मुलाला गावात घ्यायचं. त्यासाठी मुलाच्या आईनं देवाच्या अंगणात येऊन चारचौघांत म्हणायचं, 'दिला.' मग देवापुढे मेंढा उभा करायचा, त्याच्यावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. मेंढा डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला की देवाचा होकार. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत थरथरला नाही, तर विषय संपला, पुन्हा विचारायचंही नाही. आणि त्या दिवशी सकाळपासून निकाल लागेपर्यंत मुलगा कुणाचाच नसतो. अंगणाच्या कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर बसतो. आम्ही शिवायचं नाही, त्याच्या माणसांनीही नाही.

"आईला बोलाव," मी हेतरामला सांगितलं.

"मावशी, आई जरा कडक आहे," तो म्हणाला.

"आम्ही काय मऊ आहोत?" मी म्हटलं. तो खाली बघून सुई पुसत राहिला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शंकरीदेवी आली ती सकाळी, उन्हं अजून शिखरांवरच असताना. खेचर गावाच्या शिवेवर सोडलं आणि काठी टेकत वर आली. सडसडीत बाई, विधवा, अंगावर धुवट लोकरी पट्टू, पाठीला गाठोडं, गाठोड्यातून डोकावणारा स्टोव्ह आणि हातात पितळी लोटा. आमचा लोतराम शिवेवर तयारच होता. लोतराम म्हणजे देवाचा सगळा कारभार बघणारा कारदार, आणि माझा चुलत दीर. बाहेरचं कुणी आलं की नियम सांगायचा मान त्याचा, आणि ते तो फार चवीनं सांगतो. त्यानं छाती पुढे काढून सुरुवात केली, "बाई, आमच्या गावात भिंतीला हात—"

"तुम्ही आधी मागे व्हा," शंकरीदेवी म्हणाली. "तुमची सावली माझ्या लोट्यावर पडतेय."

लोतराम मागे झाला. सवय नसल्यामुळे दोन पावलं जास्तच झाला आणि कुंपणाच्या काट्यांत बसला.

"मी सोवळ्यात आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी कुणाच्या हातचं खात नाही, पीत नाही. माझं पाणी मी घरून आणलंय. मला कुणी शिवू नका म्हणजे झालं."

आजवर आम्ही जगाला सांगत आलो, लांब उभे राहा. कितीतरी मोठमोठे लोक वर आले, बूट काढून चार हात लांब उभे राहिले. आणि ही बिलासपूरची विधवा आम्हालाच सांगते, शिवू नका! म्हातारे तर असे बघत होते, जणू त्यांचाच पट्टू कुणीतरी त्यांच्या अंगावरून ओढून नेला. बायकांना मात्र मजा वाटली. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "टिकमी, विहीण झकास मिळाली गं तुला." मी म्हटलं, "अजून मिळायची आहे."

हेतराम ओट्यावर बसला होता. त्याला दोन दिवसांपासून सर्दी. आईला बघून उठला, मग नियम आठवून पुन्हा बसला. शंकरीदेवी त्याच्याकडे सरळ चालत गेली, गाठोडं सोडायलाच लागली होती, तेवढ्यात लोतराम काटे झाडत धावला. "त्याला आज कुणीच शिवायचं नाही, बाई. तो आज कुणाचाच नाही."

"माझा मुलगा आहे तो."

"काल होता."

दोन वर्षांनी मुलगा बघत होती ती. त्याच्यासाठी आणलेल्या लाडवांचा डबा हातात धरून ती चार हातांवर तशीच उभी राहिली. पोरगं शिंकलं. तिनं पदर पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. मला वाईट वाटलं, पण बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. ती समोरच्या कोपऱ्यात, देवळाच्या सावलीत, एका दगडावर पट्टूची घडी टाकून बसली. तिथून उठेचना.

"आधी 'दिला' म्हणा," लोतराम म्हणाला, "मग देवाला विचारतो."

"आधी तुमच्या देवाला विचारा. मग मी बघते द्यायचा की नाही."

असं कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्यांनी कुजबुज केली आणि ठरवलं, शब्द राहू दे, मेंढा तर आणू.

मेंढा आणला. चांगला गुबगुबीत, गळ्यात झेंडूची माळ. लोतरामनं देवदाराच्या डहाळीनं त्याच्यावर पाणी शिंपडलं. मेंढ्यानं माळेतलं एक फूल खाल्लं. पुन्हा पाणी. त्यानं दुसरं फूल खाल्लं. सगळे श्वास धरून बसले होते, मेंढा मात्र सावकाश रवंथ करत होता. थरथरला की मानेवर सुरी, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलं असावं. लोतराम जोरजोरात पाणी उडवायला लागला. त्यानं ओटा भिजला, भिंत भिजली, अंगणाच्या कडेला माझी गाय बांधली होती तिच्या पाठीवर पाणी गेलं, म्हाताऱ्यांच्या टोप्या भिजल्या. मेंढा सोडून सगळे थरथरत होते.

उन्हं माथ्यावर आली आणि कलायला लागली. इकडे माझा जीव टांगणीला. मी जाऊन शंकरीदेवीसमोर, अंतर ठेवून, उभी राहिले.

"एकदा 'दिला' म्हणाल का, विहीणबाई? कदाचित त्यानंच देव अडला असेल."

"विहीणबाई कुणाला म्हणता? मी पोराला न्यायला आलेय. सोबत तुमची पोरगी आली तर तिलाही नेईन, नांदवेन. ते का नाही चालत?"

"ती खाली गेली की मला तिला शिवता येणार नाही."

"आणि हा वर राहिला तर?"

मी ओट्याकडे बघितलं. हेतरामनं तिला हे सांगितलेलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"म्हणजे मला शिवता येणार नाही," ती म्हणाली. "मी त्याला जन्म दिला, त्याचं गू-मूत काढलं, आणि तुमच्या देवानं मेंढा हलवला की तो तुमचा?"

"माझी थोरली बहीण खाली मंडीला दिली," मी म्हटलं. "दर जत्रेला येते. शिवेच्या दगडापलीकडे उभी राहते, मी अलीकडे. आई गेली तेव्हा ती तिथेच उभी राहून रडली. आईला शेवटचं हात लावू दिला नाही तिला कुणी. मीसुद्धा दिला नाही. म्हणून सांगते, मला पोर खाली पाठववत नाही. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या जिवावर. हो, दुसऱ्याच्याच जिवावर."

तिनं लोटा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाली, "बहिणीचं नाव काय?"

"निर्मू."

"तुमचा देव आमच्या सासूसारखा आहे," ती म्हणाली आणि लोटा तोंडाला लावला. लोटा रिकामा होता. चढणीवर तिचं निम्मं पाणी सांडलं होतं म्हणे, उरलेलं संपलं.

आता सगळा तमाशा सुरू झाला. बाईला तहान लागली. ओठ सुकले, पण आमच्या हातचं पाणी ती घेईना. पाणवठ्याला तिनं हात लावलेला आम्हाला चालेना. लोतराम म्हणाला, आम्ही वरून ओततो, तुम्ही ओंजळ धरा. ती म्हणाली, ओतणारे हात कुणाचे? एक म्हातारा म्हणाला, पन्हळीतून सोडू, म्हणजे हात नको. पण पन्हळ देवाच्या लाकडाची, तिला बाहेरच्याचा लोटा टेकायचा नाही. कुणी म्हणालं, हेतराम देईल. पण हेतराम आज कुणाचाच नाही, तो ओट्यावरून उतरायचाही नाही. कुणी म्हणालं, पाऊस पडेल. सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. पाच म्हातारे, एक कारदार आणि भरून वाहणारा पाणवठा, आणि एका बाईला घोटभर पाणी पाजायची सोय शिलाणात होईना. मला आमच्या गावाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"आई, तू घे ना पाणी," हेतराम ओट्यावरून ओरडला.

"तू गप्प बैस. तू कुणाचाच नाहीस."

खिमी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी. सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकला होता आणि मेंढ्यानं अख्खी माळ खाऊन संपवली होती.

तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, "गाईला तर विटाळ नसतो ना तुमच्यात?"

"गाईला कसला विटाळ?"

"ती तिथे गाय उभी आहे. माझी आहे. मी देत नाही आणि तुम्ही माझ्याकडून घेत नाही. मी देवाला हात जोडायला तिकडे तोंड करतेय. पुढे गाय जाणे आणि तुम्ही जाणा."

आणि मी खरंच देवळाकडे तोंड केलं. पण मान आपोआप मागे वळली, त्याला मी काय करू? शंकरीदेवी उठली. दिवसभर सावलीतल्या दगडावर बसून तिचे पाय आखडले होते. हळूहळू गाईजवळ गेली, तिच्या कानाशी काही पुटपुटली, लोटा मांडीत धरून खाली बसली. लोतरामनं ते पाहिलं.

"अहो बाई! घरच्या बाईशिवाय कासेला कुणी—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं कासेला हात लावला होता. आणि गाय थरथरली. नुसती कातडी हलली नाही, डोक्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत सगळी थरथरली, पाठीवरचं पाणी उडालं, गळ्यातली घंटा वाजली.

म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. लोतरामच्या हातातली डहाळी खाली पडली.

आमच्याकडे दूध काढणं बायकांचं. पुरुषानं सडाला हात लावला तर गाय आटते म्हणतात, म्हणून शिलाणच्या एकाही पुरुषानं जन्मात गाय पिळलेली नाही. अंगणात सगळ्या बायका होत्या. थंडीच्या दिवसांत गार हात कासेला लागला की गाय काय करते, हे त्यांतल्या प्रत्येकीला पोरवयापासून माहीत. मी एकेकीकडे बघितलं. कुणी नखं बघत होती, कुणी डोंगर. मधल्या घरातली म्हातारी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. फक्त हेतरामनं तोंड उघडलं. शेवटी जनावरांचा कंपाउंडर तो. "मावशी, ते तर—" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचं सगळं शिंकेत घालवलं.

"देव आला," सगळ्यांत थोरला म्हातारा म्हणाला.

"गाईत कसा येईल?" लोतराम म्हणाला. "मेंढ्यात यायला हवा."

"का? देवानं कुठे यायचं हे तुम्ही सांगणार, भावजी?" मी म्हटलं. "पाणी कुणी शिंपडलं गाईवर?"

"ते उडालं."

"उडवलं कुणी?"

"मी. पण आपण मुलाबद्दल विचारलं होतं. हात त्याच्या आईनं लावला."

"मग देवानं आईला घेतलं. घरच्या बाईशिवाय कासेला हात लावायचा नाही, हे तुम्हीच म्हणत होता ना आत्ता? तिनं लावला, देव थरथरला. म्हणजे ती घरची. आणि गाय घरात आली की वासरू मागे येतंच, त्याला वेगळं विचारत नाहीत."

लोतरामनं म्हाताऱ्यांकडे बघितलं. म्हातारे गारठले होते, भुकेले होते, आणि देव प्रत्यक्ष बघितल्यामुळे भारावलेही होते. त्यांनी माना हलवल्या.

"पण त्यांनी 'दिला' म्हटलं नाही," लोतराम अजून सोडेना.

"द्यायचं कशाला? ती स्वतःच आली की."

इकडे शंकरीदेवीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. लोट्यात धारा वाजत होत्या. लोटा भरला, तिनं उभ्या उभ्या अर्धा प्यायला, ओठ पुसले. मग मागे वळली तर सगळं गाव तिच्याकडे टोप्या काढून बघतंय.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तुम्ही शिलाणच्या झालात," मी म्हटलं. "देवानं घेतलं तुम्हाला. आता इथल्या कुणालाही शिवलात तरी चालेल. जायला-यायला मोकळ्या. आणि हेतरामलाही."

शेवटचं तेवढंच तिला कळलं. उरलेलं दूध घेऊन ती ओट्याकडे गेली. पोराचं नाक पदरानं पुसलं, तो एवढा बाप्या माणूस, तरी चांगलं जोरात पुसलं. गालावरून हात फिरवला, लोटा त्याच्या तोंडाला लावला. वर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून. खिमी ओट्याजवळ जाऊन उभी राहिली, आणि ती आणि हेतराम एवढे जवळ कधीच उभे राहिले नव्हते, म्हणून दोघांनाही काय बोलावं सुचेना. ओरडण्याची सवय झालेली. मेंढ्याला कुणीतरी सोडून दिलं. त्यानं जाता जाता लोतरामच्या हातून पडलेली डहाळीही खाल्ली.

मला भरून आलं. मी दोन्ही हात पसरून शंकरीदेवीकडे गेले. ती चटकन दोन पावलं मागे सरली.

"शिवू नका."

मी तशीच थांबले. हात पसरलेलेच.

"तुमच्या देवानं मला घेतलं असेल," ती म्हणाली. "मी तुम्हाला अजून घेतलेलं नाही."

बायका हसल्या नाहीत. मीही नाही. जन्मभर मी हे लोकांना म्हणत आले, पोस्टमनला, मास्तरांना, हेतरामला, माझ्या निर्मूला. मला कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकताना छातीत नेमकं कुठे लागतं, ते मला आज कळलं. मी हात खाली घेतले.

शंकरीदेवी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पट्टू सारखा केला आणि आकाशाकडे बघितलं. सूर्य नुकताच बुडाला होता.

"तशी आता दिवेलागणीला आंघोळ करणारच आहे मी," ती म्हणाली. "प्रवासाचा विटाळ आहेच. त्यात तुमचाही धुऊन निघेल. शिवायचं असेल तर आत्ताच शिवून घ्या."

मी पुढे झाले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. बर्फासारखे गार होते. ते गरम होईपर्यंत आम्ही दोघींनीही सोडले नाहीत.